लोकरीच्या क्लबची वर्गणी: मराठवाड्यातून पहिल्यांदा भरताना

लातूर असो, परभणी असो की हिंगोली, बाजारात लोकर दिसू लागते ती दसऱ्याच्या सुमारास, आणि संक्रांत झाली की दुकानदार उरलेला माल माळ्यावर टाकतो. तीही बहुतेक ॲक्रिलिकची. बाळंतविड्यातलं टोपडं, मोजे, छोटा स्वेटर यासाठी ती चांगलीच आहे. धुवायला सोपी, खिशाला परवडणारी, अंगाला न टोचणारी. पण मऊ मेरिनो (या जातीच्या मेंढीची लोकर), रेशीम मिसळलेला धागा किंवा हातानं रंगवलेली लडी (पीळ घालून बांधलेलं लोकरीचं वेटोळं) हवी असेल, तर ती टपालानं किंवा कुरिअरनंच मागवावी लागते. लोकरीचा क्लब हा त्यातला एक मार्ग.

क्लब म्हणजे मासिकाची वर्गणी भरावी तसा व्यवहार. तीन, सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे आधी भरायचे किंवा दरमहा कापून द्यायचे, आणि ठरलेल्या वजनाची लोकर ठरलेल्या दिवसांनी घरी येते. सोबत बहुतेक वेळा एखादा विणीचा नमुना असतो, कधी टाके मोजायच्या खुणा. क्लब चालवणारे बरेचसे छोटे रंगारी असतात. ते नोंदणी थोडेच दिवस उघडी ठेवतात, किती सभासद झाले ते मोजून न रंगवलेली लोकर मागवतात, पातेल्यात रंगवतात, वाळवतात, मग पाठवतात. म्हणून पैसे भरल्यावर पहिलं पार्सल यायला महिना-दीड महिना सहज जातो. यात फसवणूक नाही, कामाची रीतच तशी आहे. मात्र हे आधी माहीत नसलं की दुसऱ्याच आठवड्यात जीव टांगणीला लागतो.

नवख्या माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान होतं ते फोटोतला रंग बघून पैसे भरल्यानं. रंग शेवटी बघा. आधी मीटर बघा, मग धागा कशाचा आहे ते, मग महिना.

काय विणणार, त्याला किती मीटर लागतात

लोकर ग्रॅमवर विकली जाते, पण विणताना लागतात मीटर. 100 ग्रॅमची बारीक लडी 360 ते 400 मीटर भरते. परदेशी नमुन्यांत हिला फिंगरिंग म्हणतात. मध्यम जाडीची, म्हणजे डीके, 200 ते 230 मीटर. त्याहून जाड वर्स्टेड 180 ते 200 मीटर. वजन तेच, लांबी मात्र निम्मी होऊ शकते.

‘4 प्लाय’ या शब्दावर विसंबू नका. इंग्रजी नमुन्यांत 4 प्लाय म्हणजे बारीक लोकर. आपल्या दुकानांतल्या पाकिटावर 4 प्लाय म्हणजे नुसते चार पदर पिळलेले, धागा मग चांगला जाडही असू शकतो. क्लबला एकच विचारा: 100 ग्रॅमला किती मीटर?

आता हिशेब. बारीक लोकरीचे मोठ्या माणसाचे पायमोजे 350 ते 400 मीटरमध्ये होतात, म्हणजे एक लडी. डीके लोकरीत मोठी कानटोपी 150 ते 180 मीटर, मफलर 300 ते 400, सहा महिन्यांच्या बाळाचा स्वेटर 250 ते 300. मध्यम बांध्याच्या बाईचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर डीकेमध्ये 1,000 ते 1,200 मीटर खातो, बारीक लोकरीत 1,300 ते 1,600. ओढून घ्यायच्या छोट्या शालीला बारीक लोकर 400 मीटरपासून पुढे.

दरमहा वेगळ्या रंगाची एक लडी देणारा क्लब घेतलात, तर वर्षाखेरीला बारा लड्या जमतात आणि त्यातून एकाच रंगाचा एकही स्वेटर निघत नाही. मोजे, टोप्या, छोट्या शाली विणणाऱ्यांनी असा क्लब खुशाल घ्यावा. स्वेटर विणायचा असेल तर एका पार्सलमध्ये एकाच रंगाच्या, एकाच लॉटच्या (एकत्र रंगवलेल्या) पाच-सहा लड्या देणारा क्लब शोधावा. असे क्लब बहुधा तीन महिन्यांनी एकदा पाठवतात आणि महाग पडतात.

दोघी-तिघींनी मिळून वर्गणी भरली तर खर्च वाटला जातो, पण लडी अर्धी करून वाटू नका. एका पार्सलच्या सगळ्या लड्या एकीला, पुढच्या पार्सलच्या दुसरीला, असं आधीच ठरवून घ्या.

धागा: आपल्या हवेचा विचार

मराठवाड्यात खरी थंडी दोन-अडीच महिने. परभणीसारख्या ठिकाणी ती कडाक्याची पडते, पण उरलेलं वर्ष ऊन. त्यामुळे बारा महिने शंभर टक्के लोकर देणारा क्लब इथे कामाचा नाही. तीन किंवा सहा महिन्यांचा घ्या, आणि त्यात सुती, बांबू किंवा सूत-रेशीम मिश्रणाचा पर्याय आहे का ते पाहा. सुताचा धागा ताण देत नाही, सुईवर टाके घट्ट बसतात आणि विणलेलं कापड जड होऊन खाली ओघळतं. म्हणून सुतात मोजे आणि मोठे स्वेटर टाळा. उन्हाळी टोपी, बाळाचं झबलं, पिशवी, रुमाल उत्तम होतात.

तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजतात. लोकरीत मेरिनो साधारण 18 ते 22 मायक्रॉनची असते, म्हणून ती गळ्याला, बाळाच्या अंगाला चालते. तंतू 30 मायक्रॉनच्या वर गेला की टोचतो. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला अशी टिकते ती याच जाडपणामुळे, पण तीच गळ्याशी घेतली की खाज सुटते. काही क्लब देशी मेंढ्यांची लोकर देतात. ती आसनं, पिशव्या, बाहेरून घालायच्या जाकिटासाठी जरूर घ्यावी.

‘सुपरवॉश’ लिहिलेली लोकर धुतल्यावर आटत नाही, कारण तिच्या तंतूवरचे खवले रासायनिक प्रक्रियेनं दाबलेले असतात. मात्र ओली झाली की ती सैलावते, लांबते. साधी लोकर याच्या उलट, गरम पाण्यात चोळली की घट्ट होऊन नमद्यासारखी बसते. बाळाच्या कपड्यांना सुपरवॉश, शालीला दोन्ही चालतात.

महिना उलटा मोजा

स्वेटर डिसेंबरात अंगावर हवा असेल तर तो दिवाळीपर्यंत सुईवरून उतरायला हवा. रोज संध्याकाळी तासभर विणणाऱ्या नवख्या हाताला मोठ्या स्वेटरसाठी तीन महिने धरा. म्हणजे लोकर श्रावणात हातात हवी, आणि नोंदणी ज्येष्ठ-आषाढात व्हायला हवी. नेमक्या तेव्हा पेरण्या, शाळेचे प्रवेश, वह्या-पुस्तकं असा सगळा खर्च एकदम येतो. म्हणून पैसे मार्च-एप्रिलपासून बाजूला टाका. ‘हिवाळी क्लब’ नावाच्या योजनेचं शेवटचं पार्सल अनेकदा जानेवारीत येतं. तोवर इथली थंडी उतरणीला लागलेली असते.

पैसे भरण्याआधी विचारायचं ते

लेखी विचारा, व्हॉट्सॲपवर चालेल, उत्तर जपून ठेवा.

1. एका पार्सलमध्ये किती लड्या, किती ग्रॅम, किती मीटर, आणि धाग्यात काय किती टक्के?
2. रंग गुपित आहे की दाखवलेला? गुपित असेल तर एखादा रंग वगळता येतो का?
3. मागच्या फेरीचं पार्सल सांगितलेल्या महिन्यातच गेलं होतं का?
4. डाकखर्च वर्गणीत धरला आहे की वेगळा?
5. पार्सल हरवलं किंवा लडी खराब निघाली तर बदलून देणार की पैसे परत?
6. मधेच थांबायचं झालं तर उरलेले पैसे मिळतात का?
7. रंगाची आणखी एक लडी लागली तर मिळेल का?

सातवा प्रश्न बहुतेक जण विसरतात. क्लबचे रंग पुष्कळदा फक्त सभासदांसाठी एकदाच रंगवतात. बाही अर्ध्यावर असताना लोकर संपली तर तो रंग जगात कुठेच मिळत नाही. मोठं काम काढणार असाल तर नोंदणी करतानाच एक जादा लडी सांगून ठेवा.

किमतीची तुलना मीटरवर करा. समजा, तीन महिन्यांची वर्गणी डाकखर्चासह 4,800 रुपये आणि 400 मीटरच्या तीन लड्या. 1,200 मीटर झाले, मीटरला 4 रुपये. मोज्यांचा एक जोड 1,600 रुपयांना पडला. हा आकडा परवडतो का, हे इथेच ठरवा.

पैसे कसे द्यायचे

पहिल्या वेळी तीन महिन्यांची वर्गणी एकरकमी भरा. वर्षाची घेऊ नका, सूट कितीही असो. दरमहा आपोआप कापले जाणारे पैसे, म्हणजे यूपीआय ऑटोपे किंवा कार्डावरची स्थायी सूचना, हेही सुरक्षित आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर 2021 पासून लागू झालेल्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी बँकेकडून सूचना यावी लागते. पहिल्यांदा मंजुरी देताना ओटीपी किंवा पिन लागतो. नंतर 15,000 रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दरवेळी विचारलं जात नाही. त्यामुळे तो संदेश न वाचता पुसू नका.

क्लब सोडताना रंगाऱ्याला ‘आता नको’ कळवणं पुरेसं नसतं. ज्या ॲपवरून मंजुरी दिली, त्याच ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट या भागात जाऊन ती रद्द करा आणि ‘रद्द झालं’ दाखवणाऱ्या पडद्याचा फोटो ठेवा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते.

पत्ता

इथे एक खास आपल्याकडचा घोळ होतो. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेडचे पिनकोड 431 नं सुरू होतात, लातूर आणि धाराशिवचे 413 नं. बीडचे बहुतेक 431, पण आष्टीकडचे 414. नांदेड 431601, लातूर 413512. आकड्यांची अदलाबदल झाली की पार्सल शेजारच्या जिल्ह्यात फिरत राहतं. संकेतस्थळावरच्या यादीत अजून औरंगाबाद, उस्मानाबाद अशी जुनी नावं असतील तर तीच निवडा, पत्त्याच्या ओळीत नवं नाव लिहा. पिन बरोबर असला की अडत नाही.

गावात राहत असाल तर खाजगी कुरिअर तालुक्यापर्यंतच येतं आणि ‘घेऊन जा’ म्हणून फोन करतं. स्पीड पोस्टनं पाठवायला सांगा, ते गावच्या पोस्टात पोचतं. पत्त्यात पोस्टाचं गाव, तालुका, ओळखीची खूण आणि चालू असलेला मोबाइल नंबर लिहा. स्पीड पोस्टचा क्रमांक 13 अक्षरांचा असतो: दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे, शेवटी आय-एन. तो मिळाला की रोज तपासा. घराला कुलूप असलं तर पोस्टात पार्सल थोडेच दिवस थांबतं, मग परत जातं, आणि पुन्हा पाठवायचा खर्च तुमच्यावर येतो. जून ते सप्टेंबरच्या पार्सलसाठी आतून प्लॅस्टिकची पिशवी घालायला आवर्जून सांगा.

पार्सल आल्यावर

फोडण्याआधी मोबाइलवर चित्रण सुरू करा. पत्त्याचा कागद, बंद टोकं, मग फोडणं, मग प्रत्येक लडी आणि तिची चिठ्ठी, सगळं न थांबता एकाच तुकड्यात. नुकसानभरपाई मागायची वेळ आली तर विक्रेते हेच मागतात.

मग लडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. 100 ऐवजी 94 भरली तर लगेच भांडायला जाऊ नका. लोकर हवेतला ओलावा धरून ठेवते, व्यापारात तिच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 16 टक्के ओलावा गृहीत धरलेला असतो. आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो उडतो आणि वजन पाच-सहा ग्रॅमनं उतरतं. लांबी तेवढीच असते.

लांबी घरी तपासता येते. लडीचा पीळ उलगडा, मोठं वेटोळं होईल. पाठीला पाठ लावून ठेवलेल्या दोन खुर्च्यांवर ते सैलसर चढवा. वेटोळ्याचा घेर टेपनं मोजा, मग एका जागी सगळे पदर मोजा. घेर 1.5 मीटर आणि पदर 265 असले तर लांबी 397.5 मीटर. चिठ्ठीवर 400 लिहिलं असेल तर माल बरोबर आहे. पदर मोजायला दहा मिनिटं लागतात, आणि नेमकी हीच मोजणी लोक कंटाळून सोडतात.

वेटोळं खुर्चीवर असतानाच ते बांधलेले दोरे बघा, तीन-चार असतात. त्यातल्या एकाला लोकरीची दोन्ही टोकं गाठ मारलेली असतात. बाकीचे दोरे आधी कापा, तो सगळ्यात शेवटी. उलटं केलंत, तर सुटलेलं टोक आत शिरून सगळा गुंता होतो. आता बाहेरच्या टोकापासून गुंडा करा. गुंडाळताना दोन बोटं मधे ठेवा आणि दर थोड्या वेळानं काढून दिशा बदला, म्हणजे गुंडा सैल राहतो. घट्ट गुंडाळलेली लोकर ताणलेल्या स्थितीत विणली जाते आणि पहिल्या धुण्यात स्वेटर आटतो. लडीवरून थेट विणायला कधीच घेऊ नका. जोडगाठी मोजत जा. शंभर ग्रॅममध्ये एक गाठ चालवून घ्यावी, तीन असतील तर फोटोसह कळवा.

धागा खरंच लोकरीचा आहे का ही शंका असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा. लोकर केस जळल्याचा वास देते, ज्योत बाजूला घेतली की विझते आणि राख बोटानं चुरते. ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. सूत कागदासारखं जळतं.

रंग आणि बोअरचं पाणी

लोकरीचे रंग आम्लधर्मी असतात, आम्ल आणि उष्णता मिळाली की तंतूत बसतात. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी क्षाराचं. त्यात कपडे धुण्याची पावडर पडली की पाणी आणखी अल्कधर्मी होतं आणि लाल, निळा, मोरपंखी रंग सुटतो. म्हणून विणण्याआधी वीतभर तुकडा कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून पांढऱ्या कापडावर दाबा.

डाग उमटला तर लडी बांधलेल्या दोऱ्यांसकट भिजवा. स्टीलच्या पातेल्यात दर लिटरला एक मोठा चमचा व्हिनेगर घाला, वाफ येईपर्यंत तापवा, उकळी येऊ देऊ नका. तसंच अर्धा तास ठेवा आणि त्याच पाण्यात पूर्ण गार होऊ द्या. गरम लडी गार पाण्याखाली धरली की लोकर घट्ट बसते. सुती धाग्याला हा उपाय लागू पडत नाही. तो पाणी स्वच्छ येईपर्यंत गार पाण्यातच धुवायचा.

विणलेल्या वस्तूला नेहमीच्या धुण्यात अर्धी बादली पाणी आणि झाकणभर केसांचा शाम्पू पुरतो. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, सावलीत आडवं वाळवायचं. शेवटचं पाणी फिल्टरचं किंवा साठवलेलं पावसाचं असलं तर लोकरीवर क्षाराची पांढुरकी झाक राहत नाही.

सुया आणि नमुना तुकडा

सोबत आलेल्या नमुन्यात सुईचा नंबर दिसला तर मिलिमीटर बघूनच सुई घ्या. आपल्या दुकानांत जुनी ब्रिटिश पद्धत चालते: 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे 3.25. अमेरिकी पद्धतीत 8 नंबर 5 मिलिमीटरची आणि 10 नंबर 6 मिलिमीटरची असते. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक, तिकडे जाड.

15 सेंटिमीटरचा चौकोन विणा, धुवा, वाळवा, मग मधले 10 सेंटिमीटर मोजा. नमुना 22 टाके सांगतो आणि तुमचे 20 आले, तर 100 सेंटिमीटर छातीच्या स्वेटरला घातलेले 220 टाके 110 सेंटिमीटर भरतील. अशा वेळी सुई पाव-अर्ध्या मिलिमीटरनं बारीक करा.

एकाच रंगाच्या दोन लड्या शेजारी ठेवल्या की छटेत फरक दिसतोच, हातरंगाईत तो टळत नाही. दोन गुंडे घेऊन दर दोन ओळींनी आलटून पालटून विणा, पट्टा दिसणार नाही.

न विणलेली लोकर ठेवताना

क्लब लावला की लोकर विणण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगानं येते. कसर लागण्याचं ते पहिलं कारण. कपाटात महिनोन्महिने न हललेल्या लोकरीतच कसर वाढते. प्रत्येक लडी वेगळ्या, तोंड बंद होणाऱ्या पिशवीत चिठ्ठीसह ठेवा, चिठ्ठीवर आल्याचा महिना लिहा. कडुनिंबाची पाने घालायला हरकत नाही, पण लागलेली कसर त्यानं मरत नाही. शंका आली तर पिशवी बंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. बाळाच्या कपड्यांच्या लोकरीत डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत, नॅप्थलीन तान्ह्या बाळांना घातक ठरू शकतं. दोन पार्सलं न विणता पडून असतील तर तिसऱ्या फेरीची नोंदणी करू नका.

परदेशी क्लब

पहिल्या वर्षी नकोच. लोकरीची किंमत आणि डाकखर्च मिळून जी रक्कम होते तिच्यावर सीमाशुल्क बसतं, वर जीएसटी. ते पैसे पार्सल दारात आल्यावर भरावे लागतात, आणि नाकारलं तर पार्सल परत जातं, वर्गणी अडकते ती वेगळीच. त्यातूनही घ्यायचाच असेल, तर दरमहा एक लडी मागवण्यापेक्षा तीन महिन्यांच्या लड्या एकाच पार्सलमध्ये पाठवणारा क्लब निवडा आणि शुल्काचा सध्याचा दर पैसे भरायच्या दिवशीच तपासा.